पायलट की इंजिनियर, असं विचारणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात असताना "काका, हे सोडून पायलटच्या मागे लागू का?" असं तू विचारतोस, आणि त्याच आठवड्यात तुझी आई फोन करून "त्याला जरा समजवा" म्हणते. दोघांना मिळून एकच उत्तर देतो: पदवी पुरी कर. इंजिनियर झालेल्यांना नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीतून, पायलटसाठी अर्ज करता येतो. वयाची अट मात्र कडक असते, तेव्हा जाहिरात आली की आधी तीच ओळ वाच.

"विमान उडवायला इंजिनियरिंग कुठे लागतं?" असंही तू लिहिलंयस. लागतं, आणि ते तुझ्या कॉलेजपासून तासाभराच्या वाटेवर बघायला मिळतं. दाबोळीच्या 'हंसा' या नौदलाच्या विमानतळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल जमिनीवर उभारलेली आहे. विमानाला वर फेकणारा स्की-जंपचा चढ आणि उतरणाऱ्या विमानाला धरून ठेवणारी तार, दोन्ही तिथे आहेत. नौदलासाठी बनवलेलं तेजस हे स्वदेशी लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं एप्रिल २०१२ मध्ये. डिसेंबर २०१४ मध्ये ते आपल्या इथल्या स्की-जंपवरून उडालं. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने जमिनीवरून धावत येऊन शेपटीच्या हुकाने तार पकडली. पण हवेतून उतरून तीच तार पकडायला १३ सप्टेंबर २०१९ उजाडावा लागला. मधले ते तेरा महिने तू नीट ध्यानात घे. त्या दिवशी विमान नौदलाचे चाचणी पायलट कमोडोर जयदीप मावळणकर चालवत होते. पुढे ११ जानेवारी २०२० ला तेच विमान घेऊन ते भर समुद्रात विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरले.

जमिनीवर पायलट विमानाचं नाक किंचित उचलतो आणि चाकं अलगद टेकवतो. जहाजावर ही चैन नाही. डेक तोकडा, तोही हलणारा, म्हणून ठरल्या कोनात खाली यायचं आणि सरळ आदळायचं. वर टेकल्याक्षणी इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, कारण हुकाने तार चुकवली तर पुन्हा उडावं लागतं. तो धक्का सोसायचा तर चाकांचे पाय भक्कम हवेत, आणि भक्कम म्हणजे जड. इथेच गाडी अडली. एका इंजिनाच्या या विमानाला डेकवरून पुरेसं इंधन आणि शस्त्रं घेऊन उठता येणार नाही, असं नौदलाने २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं. तरी चाचण्या थांबल्या नाहीत. काही लोक याला पैशाचा अपव्यय म्हणतात. मला तसं वाटत नाही. ताफ्यासाठी शेवटी फ्रान्सच्या २६ राफेल मरीन विमानांचा करार झाला, एप्रिल २०२५ मध्ये, हे खरं. पण दोन इंजिनांचं स्वदेशी विमान आता ज्यांच्या ड्रॉइंग बोर्डवर आहे, त्यांच्या हाती हुकावर किती ताण येतो, पायांवर किती येतो, याचे आपले स्वतःचे आकडे आहेत. ते विकत मिळत नाहीत.

हे आकडे आणतो पायलट. "उतरताना जरा थरथरलं" एवढंच सांगणाऱ्याचा कुणाला उपयोग नाही. वेग किती होता, पंखांमागचे फ्लॅप किती खाली होते, थरथर नाकाकडून आली की शेपटीकडून, किती वेळ टिकली, हे ज्याला सांगता येतं त्याच्यावर हँगरमधले लोक विश्वास ठेवतात. उतरल्यावर रजिस्टरमध्ये स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, लिहायचा असतो. तो कसा लिहिला यावरून माणूस कळतो.

आणि हँगरमधल्या चीफशी, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाशी, नम्रपणे वाग. आपल्याकडची खारी हवा बाल्कनीच्या ग्रिलचं काय करते हे तू रोज बघतोस, तीच विमानालाही खाते. गोड्या पाण्याने धुणं, सांधे तपासणं, गंजाचा पहिला ठिपका ओळखणं, हे सगळं चीफच्या नजरेवर चालतं. उड्डाणाआधी त्याची सही होते, मग तुझी. त्याच्या सहीचं वजन ओळखणारा पायलट मला जास्त आवडतो.

घराबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस. या वयात कोण लिहितो म्हणा! पण या नोकरीची खरी किंमत तिथेच मोजली जाते. आज दाबोळी, उद्या विशाखापट्टणमचं 'डेगा', मग अरक्कोणमचं 'राजाली', सगळे नौदलाचेच विमानतळ. तुझी काकू शिक्षिका. दर बदलीला तिची नोकरी सुटायची आणि नव्या गावी तिला पुन्हा सगळ्यांत ज्युनियर म्हणून सुरुवात करावी लागायची. बढती माझी होत गेली. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला मी कित्येकदा जहाजावरून पोचूच शकलो नाही, ते तिच्या भावाने केलं. म्हणून लग्न ठरवताना मुलीला हे सगळं आधी, स्पष्ट सांग. तिचं स्वतःचं काम काय, ते बदलीत कसं टिकेल, हा प्रश्न तू काढ. तिला काढावा लागू नये. बँकेतलं नॉमिनेशन, विमा, मृत्युपत्र पहिल्याच वर्षी कर आणि कागद कुठे ठेवलेत ते तिला दाखव. अशुभ वगैरे काही नसतं त्यात. किनाऱ्यावर असशील तेव्हा मुलांच्या शाळेतल्या सभा तुझ्या, आणि स्वयंपाकही निदान रविवारचा तरी.

आणखी एक. डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, हुद्दा बाजूला ठेवून चुका काढतात, ती चांगली पद्धत आहे. ती घरी मात्र आणू नकोस. आमच्या एका सहकाऱ्याने जेवणावर असं डीब्रीफ सुरू केलं, तेव्हा त्याच्या बायकोने शांतपणे सांगितलं, "मी तुमच्या स्क्वाड्रनमध्ये नाही." आम्ही बाकीच्यांनी ते वाक्य पाठ केलं.

आता लगेचची कामं. पायलटची अभियोग्यता चाचणी पुन्हा पुन्हा देता येत नाही, तेव्हा सहज म्हणून देऊन येऊ नकोस. एखाद्या रविवारी आईला घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा आणि अलिझे या जुन्या जहाजी विमानाच्या शेपटीखालचा हुक बघ. त्याआधी, याच आठवड्यात, फोंड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंग ओळखण्याची तपासणी करून घे. त्यात दोष निघाला तर पायलटचं दार बंद, आणि ते आत्ता कळलेलं बरं. काय निघेल ते कळव.

तुझा,
काका