‘माझा विश्वासच कमी पडतो’

आमच्या चर्चच्या मंडळीतील माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती कर्ज, दारू, मुलांची लग्ने, भावकीतील वाद असे निरनिराळे विषय घेऊन. पण तासभर बोलून झाल्यावर त्यांतील बरेच जण एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात : ‘बाई, एवढी प्रार्थना करूनही काही होत नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी पडत असेल.’ या काळजीला घाईने उत्तर देऊ नये, हे मला एका ताईंनी शिकवले. त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

या ताई नगर जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी मदतनीस आहेत. घर चार पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती. आजीला नारायण वामन टिळकांची भजने तोंडपाठ होती आणि ती ऐकतच ताई वाढल्या. त्यांच्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, त्यांचे डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचे पैसे द्यावे लागत नाहीत, परंतु गाडीभाडे, वरची औषधे आणि यजमानांची बुडालेली मजुरी यांची भरपाई कोणत्याही योजनेत होत नाही. ती ताईंच्या मानधनातून आणि बचत गटाच्या कर्जातून होत होती.

अशा स्थितीत त्या एका आरोग्यसभेला, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेला, गेल्या. तेथील उपदेशकांनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलेल, हे वचन वाचले आणि डोक्यावर हात ठेवून सांगितले की, नवरा बरा होत नाही याचे कारण घरातला अल्पविश्वास आहे. एकवीस दिवस उपास करा, विश्वासाचे बी म्हणून अर्पण टाका आणि यंत्रावर भरवसा ठेवू नका. ताईंनी गटाच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले पाच हजार रुपये अर्पणात टाकले, उपास धरला आणि सतराव्या दिवशी यजमानांचे डायलिसिस चुकवले. शरीरात साठलेले पाणी फुप्फुसांत उतरून त्याच रात्री यजमानांना श्वास घेता येईना, तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले. ताई मात्र तेव्हापासून दोन्हीकडून भाजून निघत होत्या. डायलिसिस चुकवले म्हणून नवरा मरणाच्या दारात गेला, हा एक दोष. आणि घाबरून पुन्हा रुग्णालय गाठले म्हणून चार दिवसांवर आलेले बरे होणे हातचे गेले, हा दुसरा. त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेणेही सोडले होते. ‘मी कोणत्या तोंडाने हात पुढे करू?’ असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारले.

त्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. त्यांचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच मी इफिसकरांस पत्रातील ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ हे वचन उघडले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, हे मला संडे स्कूलपासून पाठ आहे.’ त्यांना वचन ठाऊक नव्हते असे नाही. ते आपल्याला लागू होते, असे त्यांना वाटत नव्हते. मी पुस्तक मिटले.

मग मी झोपेबद्दल विचारले. रात्री दोन-अडीच तासांपलीकडे झोप नाही, जेवण एक वेळचे, आणि पहाटे डोळा उघडला की ‘आज सकाळ व्हायलाच नको होती’ असे वाटते, असे त्या म्हणाल्या. अशा वाक्यावरून पुढे सरकून जाणे हा आमच्या कामातला अपराध आहे, म्हणून जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. तशी तयारी त्यांनी केलेली नव्हती, पण विचार येऊन जात होता. त्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, आणि रात्री-अपरात्री मन हलले तर बोलता यावे म्हणून ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या मुलीच्या मोबाईलमध्ये घालून दिला. मंडळीतील काही जणांना हे रुचले नाही. विश्वासणाऱ्या बाईला मनाच्या गोळ्या कशाला, असे कुजबुजणे झाले. त्यांना मी बायबलातील १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला सांगते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा देवाचा दूत त्याच्या विश्वासाची परीक्षा घेत नाही. त्याला झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, पुष्कळ पुढे, होरेब डोंगरावर आहे.

तिसऱ्या भेटीत ताईंनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात पोटात जाणारा प्रत्येक घोट मोजावा लागतो, आणि यजमानांना डॉक्टरांनी ७५० मिलीची मर्यादा घालून दिली होती. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने रेघ मारलेली होती. डावीकडे पाण्याचा हिशेब : चहा, गोळ्यांबरोबरचे पाणी, आमटीची वाटी. उजवीकडे स्वतःचा हिशेब : किती वेळ प्रार्थना केली, उपास धरला की मोडला, शंका आली का. शंका आली त्या दिवसापुढे लाल फुली होती. कित्येक पानांवर मला उजवीकडे फुलीवाचून काहीच दिसले नाही. जे माप नवऱ्याला जगवत होते त्याच मापाने या बाई स्वतःला रोज दोषी ठरवत होत्या, आणि त्यात लबाडी कणभर नव्हती. उलट इतक्या काटेकोर प्रामाणिकपणाने कोणी स्वतःवर फुल्या मारताना मी क्वचितच पाहिले आहे.

त्या दिवशी आम्ही तोच सतरावा अध्याय उघडला आणि त्याच्या जोडीला मार्काचा नववा ठेवला, कारण दोन्हीकडे घटना एकच आहे. झटके येणाऱ्या मुलाला घेऊन बाप येतो, शिष्यांना त्याला बरे करता येत नाही आणि अखेर येशू त्या मुलाला बरे करतो. मी ताईंना एवढेच विचारले की, ‘अल्पविश्वास’ हा शब्द येशू कोणाला उद्देशून वापरतो? त्यांनी बोट ठेवत वाचले, परत वाचले. तो शब्द बापाला उद्देशून नाही. बरे करायला पुढे झालेल्या आणि ते न जमलेल्या शिष्यांनी एकान्तात मुलातील दुरात्म्याविषयी ‘आम्हांला का काढता आला नाही?’ असे विचारल्यावर त्यांना दिलेले ते उत्तर आहे. आजाऱ्याच्या घरच्यांना तो दोष कोणी दिलेलाच नाही. बाप तर उघड उघड सांगतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,’ म्हणजे ताईंच्या वहीतील प्रार्थना आणि लाल फुली तो एका दमात बोलून जातो. आणि येशू त्याला ‘आधी शंका संपव, मग ये’ असे म्हणत नाही. मुलगा बरा होतो.

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांनी मला दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवलं.’ याहून नेमके मला सांगता आले नसते.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र अवघड होता : मग यजमान बरे का होत नाहीत? याचे उत्तर माझ्याजवळ नाही, हे मी त्यांना सांगितले, आणि समुपदेशकाने ते तसेच सांगावे असे माझे ठाम मत आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही; त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच ऐकायला मिळाले. तुझी प्रार्थना अपुरी पडली, असे कोणी त्याला म्हटले नाही. पंडिता रमाबाईंनीही १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. मंडळीच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते, कारण रमाबाईंसारखीलाही इतकी वर्षे लागली हे ऐकल्यावर त्यांचे खांदे थोडे सैल होतात.

आरोग्यासाठी प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः ताईंच्या घरी जाऊन ती केली आहे. पण उपचार थांबवा असे जो सांगतो, त्याने तोंडाने वचन घेतले तरी त्याचे ऐकू नये, आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे अर्पणाच्या पेटीत घालायला लावणे हा विश्वासाचा नव्हे, भीतीचा व्यवहार आहे, हे मी पाळकसाहेबांसमक्ष बोलले. त्यांनी ते मनावर घेतले. रविवारच्या उपासनेत कोणाचे नाव न घेता त्यांनी ‘एकमेकांची ओझी वाहा’ या वचनावर संदेश दिला आणि पुढच्या आठवड्यापासून तरुणसंघातील दोघे मुलगे पाळीपाळीने यजमानांना मोटारसायकलवरून डायलिसिसला नेऊ लागले. स्त्रियांच्या सभेने थकलेला हप्ता भरला. ताईंना ते घेणे जड गेले. परत कसे फेडणार, असे त्या चार वेळा विचारून गेल्या. कृपा म्हणजे काय हे त्यांना माझ्या शिकवणीपेक्षा त्या हप्त्याच्या पावतीने अधिक समजावले असावे.

यजमानांचे डायलिसिस चालू आहे. ताईंना गोळ्यांनी झोप लागते आणि डॉक्टर आता त्या गोळ्या हळूहळू कमी करत आहेत. मधल्या एका महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या दोघांनी दीड वर्षानंतर प्रभुभोजन घेतले. दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वही बरोबर होती. मधली रेघ मारायची त्यांनी सोडली होती आणि पाण्याचा हिशेब पानभर ऐसपैस लिहिला होता. रविवारच्या पानावर त्यांच्या बारीक, गोल अक्षरात होते : सकाळचा चहा ६०, गोळ्यांबरोबर ५०, प्रभुभोजन १०.