उजवीकडची पट्टी कुणासाठी?

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. २०१२ पासून ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर द्राक्षबागा आणि गावाकडच्या आठवणी लिहितो. उजवीकडच्या पट्टीत घड्याळ, पंचांग, हवामान, वाचकसंख्या अशी १४ गॅजेट (छोटे चौकोन) आहेत. तरी माणसं एक लेख वाचून निघून जातात. काय ठेवू, काय काढू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : गुरुजी, काल रात्री तासभर तुमचा ब्लॉग वाचत बसले. बेदाण्याच्या शेडवरचा लेख संपला आणि असंच आणखी काही वाचावंसं वाटलं. बाजूला पाहिलं तर घड्याळ! वेळ मला मोबाइलवर दिसते. द्राक्षवेलींच्या खरड छाटणीवर तुम्ही अजून काय लिहिलंय, हे मात्र तुमच्या पट्टीनंच सांगायला हवं. लेख वाचून झालेल्या माणसाला पुढचा लेख हातात देणं, एवढंच तिचं काम.

म्हणून घड्याळ, पंचांग, हवामान आजच काढा. तिसरा चौकोन रिकामाच दिसतोय. तिथं बहुतेक फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर चालणारं काही असावं. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. ईमेल नोंदणीची पेटीही काढा, नवे लेख ईमेलनं पाठवणारी फीडबर्नरची ती सेवा गूगलनं २०२१ मध्ये थांबवली. लोक पत्ता भरून वाट बघत बसतात, ते वाईट वाटतं. आणि बाहेरून आणलेला वाचकसंख्येचा आकडा ठेवू नका. माझ्या ब्लॉगवर असाच एक होता. काही महिन्यांनी त्यातून नको त्या जाहिराती उघडायला लागल्या. आकडा तुम्हाला ब्लॉगरच्या आकडेवारीत दिसतोच.

आता खरं काम लेबलांचं, म्हणजे लेखांना विषयाप्रमाणे लावायच्या नावांचं. तुमची मुख्य लेबलं आहेत ‘अनुभव’, ‘विचार’ आणि ‘इतर’. ‘इतर’मध्ये ६१ लेख! वाचक ‘विचार’ शोधत येत नाही, तो ‘फळछाटणी’ शोधत येतो. शिवाय ‘बेदाणा’ आणि ‘बेदाणे’ अशी दोन वेगळी लेबलं झालीत, त्यामुळे एकाच विषयाचे लेख दोन ठिकाणी विखुरलेत. एक शब्द ठरवा. पोस्टच्या यादीत एकदम बरेच लेख निवडून लेबल बदलता येतं. मग लेबलांच्या गॅजेटमध्ये ‘निवडक लेबलं’ हा पर्याय घेऊन सात-आठच दाखवा.

लेबलाचं महत्त्व मला २०१९ च्या पुरात कळलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते मी रोज लिहीत होते. इथं ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. परगावी असलेली सांगलीची माणसं आजची नोंद वाचायची, पण कालची त्यांना सापडत नव्हती, कारण जुन्या लेखांचा संग्रह महिन्याच्या नावाखाली मिटलेला. ‘कृष्णेचं पाणी’ असं लेबल करून सगळ्यात वर लावलं, तेव्हा माणसं एकामागून एक नोंदी वाचायला लागली.

पुढं त्याच नोंदी ‘लोकप्रिय पोस्ट’मध्ये ठाण मांडून बसल्या. मुदत ‘सर्वकाळ’ होती. ती ३० दिवसांवर आणली तशी यादी बदलायला लागली. तुम्हीही तेच करा. तुमची दोन ओळींची ओळख वर, खाली शोधपेटी, लेबलं, लोकप्रिय पोस्ट, संग्रह. एवढं पुरे.

मोबाइलवर ही पट्टी बहुधा लेखाच्या खाली जाते नाहीतर तीन रेघांच्या मागं लपते. तेव्हा प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याच विषयाच्या दोन लेखांचे दुवे हातानं द्या. आधी बेदाण्याच्या लेखांना द्या.

तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवावरचे तुमचे तीन लेख मला त्या ‘इतर’मध्येच सापडले, तेही योगायोगानं. गणपतीच्या आधी त्यांना स्वतःचं लेबल द्या.