वाचकांचे प्रश्न : गोळी चालू असूनही रिपोर्ट का वाढतो?

प्रश्न : वडिलांना सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज चालू असूनही बीसीआर-एबीएलचा (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या जोड-जनुकाचा) आकडा वाढतोय. आरएनए मेथिलेशनमुळे औषध लागू पडेनासं होतं, असं वाचलं. त्याची तपासणी करावी का?

उत्तर : आत्ता नको. त्या तपासणीवरून उपचार ठरत नाहीत. पण तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे.

डीएनएवरून उतरवलेल्या संदेशवाहक आरएनएमध्ये काही 'ए' अक्षरांवर मेथिल हा छोटा रासायनिक गट चढवला जातो; हेच आरएनए मेथिलेशन. मेटल-३ आणि मेटल-१४ या प्रथिनांची जोडी तो चढवते, एफटीओ हे प्रथिन तो उतरवतं. वायटीएचडीएफ-२ हे प्रथिन मेथिलची ही खूण ओळखून तो आरएनए मोडीत काढायला लावतं. म्हणजे जनुकातलं एकही अक्षर न बदलता संदेशाचं आयुष्य बदलतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमॅटिनिबच्या जातीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींमध्ये एफटीओ वाढलेलं आणि खुणा घटलेल्या दिसल्या. त्यामुळे पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ सारख्या प्रथिनांचे संदेश जास्त टिकत होते. एफटीओ रोखल्यावर औषधाचा परिणाम पुन्हा दिसू लागला. हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत.

वडिलांच्या बाबतीत आधी गोळ्या मोजा. महिन्यात तीन-चार चुकल्या तरी आकड्यावर परिणाम दिसू शकतो, आणि घरात हे कुणी सहसा बोलून दाखवत नाही. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल, तर यकृत इमॅटिनिबचा फार लवकर निचरा करतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मग त्याच लॅबमध्ये, आंतरराष्ट्रीय मापावर (सगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून ठरवलेलं माप), बीसीआर-एबीएलची चाचणी पुन्हा करून घ्या. आकडा खरोखर वाढला असेल तर म्यूटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएल जनुकातल्या बदलाची, तपासणी लागते. टी३१५आय हे म्यूटेशन निघालं तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब यांपैकी काहीच चालत नाही. पोनॅटिनिब किंवा असिमिनिबचा विचार होतो. डोस स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात मेटल-३ कमी केल्यावर पेशी औषधाने जास्त मरताना दिसल्या. 'मेटल-३ मुळे औषधाला प्रतिकार येतो' असं लिहू का?

उत्तर : पेशी कोणत्या आणि औषध कोणतं, हे सोबत लिहिल्याशिवाय नको. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींत मेटल-३ घटवलं की जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची औषधं जास्त लागू पडतात. यकृताच्या कर्करोगात उलट घडतं : मेटल-३ घटलं की फॉक्सओ-३ या प्रथिनाचा संदेश टिकत नाही आणि पेशी सोराफेनिब या औषधाला दाद देईनाशा होतात.

सगळ्यात जास्त फसवणूक वाढीच्या वेगामुळे होते. मेटल-३ गेलं की बऱ्याच पेशी मुळातच सावकाश दुपटतात, त्यामुळे ७२ तासांनंतरचा आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा) औषधाशी संबंध नसतानाही सरकतो. औषध न दिलेल्या दोन्ही गटांचा दुपटीचा काळ मोजा आणि त्यानुसार आकडे दुरुस्त करा. दुसरं, मेथिलची खूण मोजायला डॉट ब्लॉटवर (पडद्यावर आरएनएचा थेंब टाकून अँटिबॉडीने खूण शोधण्याची चाचणी) विसंबू नका. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएवरही हीच खूण असते. पॉली-एची निवड (शेवटी 'ए'ची शेपटी असलेला संदेशवाहक आरएनए वेगळा काढणं) दोनदा करा आणि रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने पडताळा. मायकोप्लाझ्माची (पेशींच्या वाढीत शिरणारे जिवाणू) चाचणी त्याआधीच उरकलेली हवी, कारण जिवाणूंच्या आरएनएवरही ही खूण असते. शेवटी पेशींत मूळ मेटल-३ परत घाला, आणि वेगळ्या गटात त्याचं मेथिल चढवण्याची क्षमता नसलेलं रूप. पहिल्याने परिणाम पूर्ववत झाला आणि दुसऱ्याने नाही, तरच तो मेथिलेशनचा म्हणता येईल.