नागरिकशास्त्र पाठ करून उपयोग काय? मुलांच्या हाती प्रोसिडिंग द्या

तुमची मुलगी आठवीत आहे, नागरिकशास्त्रात चांगले गुण मिळवते, पण सोसायटीच्या सभेत मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाताना पाहून विचारते, "हे शिकून उपयोग काय?" तिला काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत हा विषय शिकवतोय. तिचं म्हणणं रास्त आहे, हे आधी तिला सांगा.

आमच्या पुस्तकांत राष्ट्रपतीच्या निवडणुकीपासून सरपंचाच्या कामापर्यंत सगळं असतं. न पटणारं म्हणणं ऐकून कसं घ्यायचं, ते मात्र करवूनच घ्यावं लागतं. मी ते प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते नोंदवायच्या वहीतून करवून घेतो.

वर्गात ग्रामसभा भरवायची. मैदानाच्या कडेची मोकळी पट्टी खो-खोला द्यायची की परसबागेला, असा मुलांच्या जिव्हाळ्याचा विषय घ्यायचा. नियम एकच: प्रत्येकाचं म्हणणं विरुद्ध बाजूच्याने लिहायचं, आणि बोलणाऱ्याने वाचून सही केल्याशिवाय सभा पुढे सरकत नाही. एका वर्षी खो-खोच्या कप्तानाकडे वही होती. त्याने लिहिलं, "मुलींना परसबाग पाहिजे. खूप वेळ गेला." समोरची मुलगी सही करेना. "मी असं बोललेच नाही. मी म्हटलं, खिचडीतली भाजी बाजारातून येते ती दोन दिवसांत सुकते, आणि हात धुवायचं पाणी वाया जातं ते बागेला लागेल." त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं. पाण्याचं लिहायचं राहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा तिने सही केली. मग त्यानेच मान वर करून विचारलं, "पण टाकीपासून तिकडे उतार आहे का गं?" भांडण तिथेच संपलं असं नाही, तो अजून खो-खोच्याच बाजूचा होता. पण त्याच्या तोंडून प्रश्न आला. बावीस वर्षांत मला एवढं समाधान फार कमी वेळा मिळालंय.

हे मुलांचे खेळ वाटतील, पण खऱ्या सभेची पहिली पायरी हीच असते. कुठल्याही ग्रामपंचायतीची नोटीस वाचा, पहिला विषय असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." मागच्या वेळी कोण काय बोललं हे सगळ्यांनी मान्य करायचं, मग पुढचं. हाच विषय घाईत उरकतात. महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 ग्रामसभा व्हायलाच हव्यात, बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी होतात. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. मी पाहिलेल्या एका सभेत पाण्याच्या पाळीवरून तासभर कडाक्याचा वाद झाला, आणि वहीत ओळ पडली: "ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक, अनुमोदक, संपलं. ज्या वस्तीला पाणी पोचत नव्हतं तिचं बोलणं कागदावर आलंच नाही. पुढच्या सभेला त्या वस्तीतलं कुणी आलं नाही. आपलं म्हणणं नोंदलंच जात नसेल, तर माणूस एक तर ओरडतो, नाहीतर घरी बसतो.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव प्रत्येकाचं ऐकून घेण्याचं काम वेगळ्या वाटेने करतं. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबते. त्याशिवाय अभ्यासगट आहेत. तिथे फक्त बोलायचं, माहिती काढायची, निर्णय घ्यायचा नाही. हरण्या-जिंकण्याचं ओझं नसल्यामुळे माणसं मोकळेपणी बोलतात. 2009मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची चर्चा आहे. पण अनेक जातींच्या गावात सहमतीचा आग्रह धरताना मला भीती वाटते. तिथे सहमती म्हणजे दुबळ्याने गप्प बसणं होऊ शकतं. म्हणूनच ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातली तरतूद मला मोलाची वाटते.

बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना सांगितलं होतं, की संविधानिक नैतिकता, म्हणजे संविधानाची रीत मनापासून पाळणं, ही नैसर्गिक भावना नव्हे, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. त्याच भाषणात त्यांनी खेड्यांना संकुचितपणाची आगरं म्हटलं. खेड्यात शिकवणारा मास्तर म्हणून ते वाक्य मला टोचतं, आणि टोचावंच.

आता तुमच्यापुरतं. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल. अध्यक्षांना विचारून मुलीला सोबत न्या, हातात वही द्या. तुमचं ज्यांच्याशी सगळ्यात जास्त वाजतं, त्या काकांचं म्हणणं तिला लिहायला सांगा. सभा संपली की तिने ते त्यांना वाचून दाखवावं आणि विचारावं, "काका, तुम्ही हेच म्हणालात ना?" ते काय दुरुस्त करतात ते ती लिहील. घरी आल्यावर ती वही आधी तुम्ही वाचा.