आधी गार करा, मग गॅस सोडा

उन्हाळा लागला तशी सोडा, केग (पेय गॅसच्या दाबाखाली भरून नळानं काढायची स्टीलची टाकी) आणि त्यात सोडायच्या गॅसवरची पत्रं वाढलीत. परत परत येणारे प्रश्न या वेळी घेतलेत.

प्रश्न (बीड): पुण्यात मायक्रोब्रूअरीत (जागेवरच बिअर करून विकतात तिथं) ताजी बिअर पिली, लई आवडली. आता घरीच बिअर करून केगमधून काढायची इच्छा हाय. फ्रिज, सिलिंडर सगळं घ्यायची तयारी हाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दादा, बिअरचं आधी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात लायसनशिवाय दारू तयार करायलाच मनाई आहे, बिअर पण त्यातच येते, आणि घरच्यापुरती केली म्हणून सुटका नाही. तुम्ही जिथं पिली त्यांच्याकडं लायसन असतं. म्हणून घरी बिअर लावा असं मी सांगणार नाही.

पण केगचा विचार सोडू नका. ज्या 19 लिटरच्या स्टीलच्या केगला सगळे कॉर्नी केग म्हणतात तो मुळात बिअरचा नाहीच, अमेरिकेत कोल्ड्रिंक कंपन्या त्यातून हॉटेलांना माल पुरवायच्या, नंतर सिरप प्लॅस्टिकच्या पिशवीत यायला लागलं अन हे केग रिकामे पडले, ते तिथल्या घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. म्हणजे सोडा, आल्याचं सरबत, कोकम, लिंबू हेच त्याचं मूळ काम. उकळायची भानगड नाही, यीस्ट नाही, आणि चार दिवसांत पिता येतं.

घ्यायचं काय तर एक केग, फूड ग्रेड कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दोन काट्यांचा रेग्युलेटर, गॅसच्या पाइपात एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हा विसरू नका, नाहीतर गोड पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये शिरतं अन रेग्युलेटर कामातून जातो), पाइप, नळ आणि जुना फ्रिज. फ्रिजला भोक पाडायचं असलं तर दारातून पाडा, कडेच्या पत्र्यामागं गॅसच्या नळ्या असू शकतात, एकदा ड्रिल त्यात गेलं की फ्रिज संपला. नळ अन बाकीचे फिटिंग स्टीलचेच घ्या. सोड्याचं पाणी आंबट असतं, पितळ-तांब्यात ते राहिलं की तांबं पाण्यात उतरतं, ते पोटात जायला नको.

प्रश्न (जालना): सेटअप सगळा जोडला पण नळ उघडला की नुसता फेसच येऊलालाय, अन फेस बसल्यावर ग्लासातला सोडा एकदम सपक. प्रेशर वाढवलं तरी तेच, कमी केलं तरी तेच. असं कामून होतंय?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मराठवाड्यात तो येणारच. पाण्यात गॅस किती राहणार हे पाणी किती गार आहे त्यावर ठरतं. नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्य डिग्रीचं एक लिटर पाणी साधारण 1.7 लिटर गॅस धरतं, 20 डिग्रीला एक लिटरपेक्षाही कमी आणि 40 डिग्रीला जेमतेम अर्धा लिटर. चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरमागं चार लिटरच्या आसपास गॅस लागतो, बिअरला अडीच पुरतो. केग 4 डिग्रीला असला तर त्यासाठी साधारण 30 पीएसआय (रेग्युलेटरवरचं दाबाचं माप) पुरे होतं. तोच केग 25 डिग्रीला असला तर तेवढ्याच गॅससाठी 60 च्या आसपास जावं लागतं, आणि एवढ्या दाबानं तो नळातून बाहेर आला की सगळा गॅस फेस होऊन उडून जातो, खाली उरतं ते सपक पाणी. तुमचं नेमकं हेच होतंय.

म्हणून रेग्युलेटरला आत्ता हात लावू नका. आधी थर्मामीटर घ्या, फ्रिजमध्ये पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा अन सकाळी बघा. फ्रिजच्या डायलवरचे आकडे म्हणजे डिग्री नाहीत, आणि मे महिन्यात घर 40 च्या वर तापलं की जुना फ्रिज 10-12 डिग्रीवरच अडकतो. फ्रिजमागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा, रबर सैल झालं असलं तर बदला, भर उन्हाची भिंत असली तर जागाच बदला. पाणी 4 च्या आसपास आलं की मगच पुढं जायचं.

केग गार झाला की गॅस जोडा, 30 वर ठेवा आणि वरचा रिलीफ व्हॉल्व्ह तीन-चार वेळा थोडा थोडा ओढून आतली हवा बाहेर काढा. ही पायरी लोकं सोडून देतात. आत हवा राहिली की काटा 30 दाखवतो पण त्यातला काही दाब हवेचा असतो, तेवढा गॅस पाण्यात कमी मुरतो, शिवाय पाण्यात विरघळलेली हवा नळाशी फेस वाढवते. नंतर गॅस चालू ठेवून चार-पाच दिवस तसाच राहू द्या. घाई असली तर केग आडवा करून दहा-पंधरा मिनिटं हलवा, आत खळखळ आवाज येत गॅस जाताना ऐकू येतो, तो थांबला की मुरला.

आता राहिला पाइप. बिअरच्या सेटअपचे फोटो बघून लोकं मीटर-दोन मीटरचा पाइप लावतात, सोड्याला तो पुरत नाही. 30 पीएसआयचा जोर नळापर्यंत येता येता मरायला पाहिजे आणि तो मरतो पाइपाच्या लांबीनं अन बारीकपणानं. आपल्याकडं आरओ फिल्टरच्या दुकानात पाव इंची पाइप मिळतो, आतून साधारण 4 मिलिमीटरचा, तो चांगला चालतो. सहा मीटरपासून सुरू करा, गुंडाळी करून फ्रिजमध्येच ठेवा, धार फारच हळू वाटली तर थोडा थोडा कापत जा. कापलेला परत जोडता येत नाही म्हणून लांबच घ्यायचा. नळ पण फ्रिजच्या आत ठेवता आला तर उत्तम, बाहेरचा नळ तापलेला असतो अन पहिला ग्लास फेसाचाच येतो. आणि प्रेशर कमी करून काढायचं बंद करा, त्यानं दोन दिवसांत केगमधला गॅस सुटून वरच्या रिकाम्या जागेत येतो, सोडा सपक होतो आणि पाइपात बुडबुडे धरून फेस उलट वाढतो.

लाइट गेली तर? फ्रिज उघडू नका, एवढंच. 19 लिटर गार पाणी सहजासहजी तापत नाही, दोन-तीन तास गेले तरी काही बिघडत नाही. रोजच जास्त वेळ जात असली तर बर्फाच्या बाटल्या केगभोवती ठेवा.

प्रश्न (नांदेड): सिलिंडरचा काटा भरलेला दाखवत होता अन एका रात्रीत शून्यावर आला. भरून देणाऱ्यानं फसवलं का?

उत्तर: फसवलंच असं लगेच म्हणू नका. सिलिंडरमध्ये गॅस पातळ होऊन बसलेला असतो आणि त्यातला शेवटचा थेंब असेपर्यंत काटा तोच आकडा दाखवतो, फक्त गरमीनं वर-खाली होतो. 21 डिग्रीला साधारण 850 पीएसआय, उन्हाळ्यात त्याच्या बराच वर. म्हणून किती उरलाय हे वजनावरच कळतं, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं ते वजा करा. 19 लिटरच्या एका केगला गॅस मुरवायला अन बाहेर ढकलायला मिळून पाव किलोच्या आसपास लागतो, म्हणजे थोडाफार वाया गेला तरी 5 किलोमध्ये पंधरा-सतरा केग निघायला पाहिजेत. तुमचे दोन-तीनच निघाले असतील तर लीक आहे. साबणाचं पाणी करून झाकणाची कड, दोन्ही पोस्ट (केगवर पाइप जोडायची तोंडं), रेग्युलेटरचा नट, सगळीकडं लावा. बुडबुडे आले तिथली ओ-रिंग (रबरी कडं) बदला, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावा. लीक सापडेपर्यंत रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंदच करत जा.

आता जे सांगतो ते अगदी मनापासून, सिलिंडर गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, बंद गाडीत ठेवू नका. 31 डिग्रीच्या वर हा गॅस पातळ राहूच शकत नाही, सगळा वायू होतो आणि दाब भराभर चढतो. म्हणूनच सिलिंडरमध्ये जितकं पाणी मावतं त्याच्या वजनाच्या दोन तृतीयांशच गॅस भरतात, जास्त भरून द्या म्हणून भरणाऱ्याच्या मागं लागू नका. सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला, सावलीत, आणि खोली हवेशीर पाहिजे. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, लीक झाला तर खाली जमिनीलगत साठतो, लहान लेकरं खाली झोपतात त्या खोलीत तर नकोच नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): वाळूजच्या बाजूला भंगारात 30 लिटरचा बिअरचा केग स्वस्तात मिळायलाय. घेऊन वरचं तोंड खोलून वापरू का?

उत्तर: नका घेऊ. असे केग कंपनीच्या मालकीचे असतात, भंगारात आला म्हणजे तो विकायचा हक्क त्या माणसाला होता असं नाही. आणि त्याच्या तोंडातली नळी आत दाब असताना सैल केली तर गोळीसारखी वर येते, माणसं मेलीत अशानं. थोडे पैसे जास्त गेले तरी कॉर्नी केगच घ्या, त्याचं झाकण आत दाब असला की उघडतच नाही.

प्रश्न (धाराशिव): कोकमाचं सिरप घालून केग भरला तर रंग लालऐवजी मळकट जांभळा आला अन आंबटपणाच गायब. पुन्हा केगचा नळ पण तुंबतोय.

उत्तर: ताई, पाणी बोअरचं असणार. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते कोकमाचा अन लिंबाचा आंबटपणा मारून टाकतात, आणि आंबटपणा गेला की कोकमाचा लाल रंग टिकत नाही. आरओचं पाणी वापरा, फरक पहिल्याच ग्लासात दिसेल. तुंबणं मात्र चोथ्याचं आहे, सिरप दोन पदरी मलमलच्या कापडातून गाळा, मसाला घालायचा असला तर ग्लासातच घाला, केगमध्ये नको. केग धुताना क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवा, भरपूर पाण्यानं खळाळा. आल्याचा वास ओ-रिंगमध्ये बसतो तो धुऊन जात नाही, त्या बदलाव्याच लागतात, म्हणून आल्याच्या केगच्या रिंगा वेगळ्याच ठेवा.

प्रश्न (परभणी): केग परवडत नाही. आलं-साखर आंबवून काचेच्या बाटलीत सोडा केला तर दोन बाटल्या फुटल्या. काय चुकलं?

उत्तर: काच चुकली आणि ऊन चुकलं. आंबवताना लिटरमागं 4 ग्रॅम साखर संपली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो, आणि 40 डिग्रीत हे कधी थांबणार याचा अंदाजच लागत नाही, बाटलीत साखर शिल्लक असेपर्यंत दाब चढतच राहतो. शिवाय गॅसबरोबर जवळपास तेवढ्याच वजनाचं अल्कोहोल पण तयार होतं, लेकरांना द्यायचं असलं तर हे लक्षात घ्या. आंबवायच्याऐवजी आल्याचं सिरप करून ठेवा अन प्यायच्या वेळेला विकतच्या गार सोड्यात घाला. आंबवूनच करायचं असलं तर कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्या, ती दाबून बघता येते, दगडासारखी कडक झाली की त्याच मिनिटाला फ्रिजमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फुटलेल्या बाटल्यांच्या शेजारच्या अजून तशाच असतील तर हातात घ्यायच्या आधी डोळ्याला चष्मा लावा, वर जाड ओलं पोतं टाका अन आहे तिथंच गार होऊ द्या, मगच झाकण सैल करा.