करड्या रानकोंबड्याची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात का दगावतात

प्रश्न असा आहे: कोल्हापूरजवळच्या संग्रहातल्या करड्या रानकोंबड्याच्या जोडीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली बसवली, सात पिल्लं निघाली, जूनअखेर पाच मेली, विष्ठेत रक्त होतं. जीवनसत्त्वं कमी पडली का?

जीवनसत्त्वांचा संबंध नाही. तिसऱ्या आठवड्यात रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिया, आतड्यातला सूक्ष्म परजीवी, आणि तो बहुधा त्या खुडूक कोंबडीबरोबरच आला. गावठी कोंबडी वरून ठणठणीत दिसते, पण कॉक्सिडिया, पोटातले जंत, मानमोडी (राणीखेत रोग) यांतलं काही ना काही बाळगून असते. रानकोंबड्याच्या पिल्लाला ते झेपत नाही. कोंबडी वापरायचीच असेल तर आधी महिनाभर वेगळी ठेवा, विष्ठा तपासा, जंताचं औषध द्या, लसीकरण करा. नाहीतर सरळ यंत्रात उबवा.

यंत्रात तापमान 37.5 ते 37.7 अंश, दिवस साधारण 20 ते 21. आर्द्रता पुस्तकात 50 ते 55 टक्के लिहिलेली असते, पण आपल्याकडे पावसाळ्यात खोलीतली हवाच ओलीगच्च असते. पाण्याचा ट्रे भरून ठेवला की अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. म्हणून आकड्यापेक्षा अंड्याचं वजन बघा. अठराव्या दिवसापर्यंत 11 ते 13 टक्के घटलं पाहिजे. समजा अंडं 36 ग्रॅमचं असेल, तर साधारण 32 ग्रॅमवर यायला हवं. तोवर ट्रे कोरडा ठेवला तरी चालतो. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 ते 70.

आता मुख्य गोष्ट, जमीन. कॉक्सिडियाची अंडी उबदार ओल्या मातीत एक-दोन दिवसांत रोगक्षम होतात आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांचं काही वाकडं करत नाहीत. उपाय एकच, कोरडेपणा. पिल्लांना पहिले सहा आठवडे तारेच्या जाळीवर किंवा रोज बदलायच्या कोरड्या भाताच्या तुसावर ठेवा. पाण्याचं भांडं जाळीच्या चौकटीवर ठेवा. भांड्याभोवतीचा तो एक हातभर ओला पट्टाच सगळा घोटाळा करतो. रक्त दिसताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम हे कॉक्सिडियावरचं औषध पाण्यातून: 20 टक्क्यांची पूड असेल तर लिटरला 1.2 ग्रॅम, तीन ते पाच दिवस. जास्त दिवस दिलंत तर थायमिन (जीवनसत्त्व ब1) कमी पडून पिल्लं लुळी पडतात.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. खाद्यात 24 ते 28 टक्के प्रथिनं आणि पहिले काही दिवस जिवंत किडे. वाळवी हलली की पिल्लू टोचतं, नुसत्या भरड्याकडे बघतही नाही. पंख लवकर फुटतात, तेव्हा वर झाकण हवंच.

मोठ्या पिंजऱ्याच्या छताला आतून मऊ जाळी ताणा. दचकला की हा पक्षी सरळ वर उसळतो आणि टाळू सोलून घेतो. नर एकाच मादीमागे लागला तर तिला मारूनही टाकतो. बांबूचे झुडपासारखे आडोसे आणि दोन ठिकाणी खाद्य ठेवलं की मादीला निसटायला जागा मिळते.

आणि पावसाळ्यात नराच्या मानेची ती झळाळती पिसं गळून काळी आखूड पिसं आली तर आजारी समजून औषधं पाजू नका. विणीनंतरची ती नेहमीची पिसझड आहे. नवी पिसं आली की नीट बघा: मानेच्या पिसांवर लाखेच्या थेंबासारखे पिवळट चकचकीत ठिपके असतात. ते अर्धवट किंवा नसतीलच तर रक्तात गावठी कोंबडी मिसळलेली असण्याची शंका घ्या आणि जनुकीय तपासणी होईपर्यंत त्या नराची अंडी बसवू नका. उरलेल्या दोन पिल्लांच्या पायांत आजच कडी घाला, आई-बापाची नोंद करा.