घरातून नेल सलून: लॅम्प नंतर घ्या, आधी परवानगीचं उत्तर लेखी घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. नखांचा कोर्स झालाय, मागची खोली रिकामी आहे, जेल सुकवायचा लॅम्प किती वॅटचा घेऊ आणि सुरुवातीला किती शेड्स पुरतील असं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की "ऑफिसात फोन केला होता, घरातून करणार असाल तर काही लागत नाही म्हणाले." लॅम्पचं सांगते खाली, पण ते शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मलाही अगदी हेच सांगितलं होतं. फोनवर नाही, खिडकीसमोर उभं राहून विचारलं होतं, आणि आतल्या माणसाने मान वर न करता "घरगुती ना, मग कशाला परवानगी" म्हणून पुढच्याला हाक मारली. कोणतं ऑफिस, कुठलं, ते लिहीत नाही, कारण त्याने काही होणार नाही आणि मला परत त्यांच्या दारात जायचंच आहे. तर काम सुरू झालं, बरं चाललं, आणि मग वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार गेली. तक्रार गेली कुठे, तर त्याच ऑफिसात. तिथून माणूस आला आणि म्हणाला परवाना दाखवा. म्हटलं तुमच्याकडेच विचारलं होतं, लागत नाही म्हणाले. तर म्हणे कोण म्हणालं, नाव सांगा. आता खिडकीतल्या माणसाचं नाव कोण विचारून ठेवतं?

काम बंद करायला लावलं आणि अर्ज करा म्हणाले. अर्जात व्यवसायाचा प्रकार लिहायचा रकाना होता, त्यात नखांचं काम कुठेच बसेना, म्हणून टेबलावरच्या बाईंनी "इतर" वर खूण केली. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी मी जोडलेली सामानाची यादी वाचली, त्यात असिटोन (नखावरचं काढायला वापरतो ते द्रव) दिसलं, आणि पेनाने बाजूला लिहिलं "ज्वलनशील द्रव साठा". संपलं. माझी एक लिटरची बाटली आणि कारखान्याचं गोदाम एकाच गठ्ठ्यात. फाइल आग सुरक्षेवाल्यांकडे गेली, ते म्हणाले ही राहती जागा आहे, आधी वापराची परवानगी आणा, वापरवाले म्हणाले आधी आरोग्यवाल्यांचं पत्र लागेल, आणि आरोग्यवाले म्हणाले की वाफ बाहेर जायची सोय दाखवा, पण बाहेर पाइप काढायचा तर भिंतीला भोक पाडावं लागतं आणि त्याला पुन्हा पहिल्याच टेबलाची सही. ती सही करणारे साहेब रजेवर. कोणी एक जण चुकीचं बोलत होता असं नाही, हेच जास्त डोकं फिरवणारं होतं. प्रत्येक जण आपल्यापुरतं बरोबर सांगत होता आणि सगळं मिळून गोल गोल फिरत होतं. तोवर इकडे मोनोमर (ऍक्रिलिक नखं करायला पावडरीत मिसळतो ते द्रव) पिवळा पडला, उघडलेल्या जेल तळाशी बसल्या, आणि ज्या बायका दर तीन आठवड्यांनी रिफिलला (वाढलेल्या नखाची मागची जागा भरून घ्यायला) यायच्या त्यांनी दुसरीकडे लावून घेतलं. त्यातल्या निम्म्या परत आल्या नाहीत. नखं वाढायची थांबत नाहीत ना आपल्या फाइलसाठी, महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर ती वाढणारच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नाही. आणि लेखी विचारताना सुद्धा "घरी छोटं पार्लर" असं गुळमुळीत विचारू नका, कारण त्याचं उत्तरही गुळमुळीत येतं. एका वेळी किती माणसं येणार, काय काम करणार, कुठली रसायनं घरात किती मिलिलिटर असणार, कशात ठेवणार, वाफ आणि धूळ कुठे जाणार, कचरा कुठे टाकणार, हे सगळं एका पानावर लिहा आणि खाली सरळ विचारा की यासाठी कुठली परवानगी लागते किंवा लागत नाही ते लेखी कळवा. ईमेल केली तर उत्तम, नाहीतर प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर आलं नाही तरी पोच असलेली प्रत पुढे फार कामी येते, निदान "आम्हाला विचारलंच नव्हतं" असं कोणी म्हणू शकत नाही. आणि असिटोन लिहाल तिथे लगेच पुढे प्रमाण लिहा, प्रमाण नसलं की समोरचा आपल्या मनाने पिंप धरतो. प्रत्येक उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यातले धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद, उत्पादकाकडे मागता येते, १६ भागांची असते, ती अर्जाला जोडली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

(मी वकील नाही. नियम जागोजागी वेगळे आहेत, कुठे नखांच्या कामालाच परीक्षा देऊन लायसन्स लागतं, कुठे नुसती नोंदणी, कुठे खरंच काही नाही. तुमच्याकडे फोनवरचा माणूस बरोबरही असेल. पण मग त्याला ते लिहून द्यायला काय हरकत आहे?)

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची संमतीही कागदावरच. आणि विमा. घराच्या विम्यात घरातून चालवलेला धंदा बहुतेक वेळा धरलेला नसतो, हे क्लायंट पाय घसरून पडल्यावर कळण्यात मजा नाही.

आता वासाचं, कारण सगळ्याची सुरुवात तिथून झाली. माझं ठाम मत आहे की राहत्या घरात ऍक्रिलिक करूच नये. वास म्हणजे सगळंच विषारी असं नव्हे, चांगल्या मोनोमरमध्ये ईएमए (एथिल मेथाक्रिलेट) असतं आणि ते अगदी थोडं हवेत असलं तरी नाकाला कळतं, पण शेजाऱ्याला हे समजावत बसणार का? स्वस्त मोनोमर तर घेऊच नका, त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असू शकतं. त्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) १९७० च्या दशकात कारवाई केली होती तरी ते बाजारात फिरतंच असतं. ओळखायचं कसं, तर वास वेगळाच उग्र असतो, असिटोनमध्ये भिजवून भिजवून सुटत नाही, आणि इतकं कडक बसतं की कुठे आपटलं तर वरचं तुटायच्या ऐवजी खालचं खरं नख उपटतं. काही जणी वर्षानुवर्षं घरी ऍक्रिलिक करताहेत आणि कोणाची तक्रार नाही हेही मला माहीत आहे, त्यांनी रागावू नये.

जेलला वास कमी, म्हणून आपल्याला वाटतं सुटलो. तसं नाहीये. जेलचा त्रास नाकाला नाही, कातडीला होतो, आणि तो आधी क्लायंटला नाही तर आपल्याला होतो कारण आपण रोज त्यात असतो. न सुकलेली जेल कातडीला वारंवार लागत राहिली की एक दिवस शरीर ती ओळखायला लागतं आणि मग जन्मभर ओळखतं. बोटांची टोकं खाजतात, फुटतात, नख खालून सुटतं, पापण्यांवर सुद्धा पुरळ येतं. ही ऍक्रिलेटची (जेल ज्या रसायनांची बनते त्या कुळीची) ऍलर्जी एकदा बसली की जात नाही, आणि तीच कुळी दाताच्या फिलिंगमध्ये, काही हाडांच्या शस्त्रक्रियांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहाच्या सेन्सरच्या चिकटपट्टीत असते, म्हणजे प्रश्न नेलपॉलिशपुरता राहत नाही. माझ्याबरोबर कोर्स केलेल्या एकीने याच्यापायी काम सोडलं. मुख्य आरोपी हेमा, म्हणजे जेलमधलं त्याच कुळीतलं एक रसायन. युरोपियन युनियनने २०२० मध्ये नियम करून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवली आणि डब्यावर ऍलर्जीचा इशारा छापायला लावला. टीपीओ नावाचा जेल सुकवणारा घटक तर तिकडे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच आहे. मग त्या बाटल्या दुसऱ्या बाजारात सवलतीत येणारच, तेव्हा सेल बघून हुरळू नका, मागचं लेबल वाचा. हेमा-फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्तही होऊ नका, त्याची भावंडं आत असतातच.

उपाय साधाच आहे. कातडीला जेल लावायची नाही. क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असते ती कातडी) केसभर अंतर सोडायचं, बाहेर गेलीच तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधी पुसायची, नंतर नाही. बाटलीच्या गळ्याला लागलेली जेल बोटाने पुसायची सवय असते बघा आपल्याला, ती आजच मोडा. ग्लोव्हज नायट्राइलचे, आणि जेल लागली की लगेच बदला, पातळ ग्लोव्हजमधून ती काही मिनिटांत आत येते. नखं घासताना उडालेली धूळ मनगटावर बसते तेही याच प्रकारात मोडतं, म्हणून पूर्ण बाह्या.

आणि आता लॅम्प. वॅट बघू नका. वॅट म्हणजे लॅम्प वीज किती खातो, नखावर प्रकाश किती पडतो ते नाही, आणि स्वस्त लॅम्पवर छापलेला आकडा बऱ्याचदा मनचाच असतो. बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरवर चालतात, पण तुमची जेल ज्या लॅम्पवर तपासली आहे तोच घ्यायचा, म्हणजे जेलच्या कंपनीचाच किंवा ती सांगेल तो. वरून कडक झालेली जेल आतून कच्ची असू शकते, हाताला कळत नाही, आणि वरच्या सगळ्या ऍलर्जीच्या रामायणाला इथूनच इंधन मिळतं. पातळ थर द्या, अंगठे वेगळे क्युअर करा (म्हणजे लॅम्पमध्ये कडक करा) कारण चार बोटांबरोबर ते तिरके राहतात, गडद शेड्सना जास्त वेळ. शेड्सचं म्हणाल तर न्यूड, लाल, काळा, पांढरा आणि दोनचार आवडीचे, बस. ऐंशी बाटल्यांचा स्टँड फोटोत छान दिसतो आणि सत्तर तशाच सुकतात. ते पैसे टेबलाला बसणाऱ्या डस्ट कलेक्टरवर घाला, नुसता पंखा धूळ उडवतो, ओढून घेत नाही.

असिटोन लहान पंपाच्या बाटलीत, मोठी बाटली बंद कपाटात, भिजलेला कापूस झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि तो डबा रोज रिकामा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते, त्यामुळे खोलीत सुगंधी मेणबत्ती लावून वातावरण करायचा विचार असेल तर तो सोडा. घरात रांगणारं मूल असेल तर खोलीला कडी हवीच.

स्वच्छतेचं तुम्हाला कोर्समध्ये शिकवलं असेल, फक्त एक सांगते, ते निळ्या उजेडाचं "स्टरलायझर" म्हणून विकतात ते खोकं काही स्टरलाइझ करत नाही, तुम्ही ऐकलंच असेल. आधी साबणाने घासायचं, मग जंतुनाशकात लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ पूर्ण बुडवायचं, जमलं तर धातूच्या अवजारांना ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र). नखं घासायची फाइल आणि बफर एका माणसाला एकदाच.

दर ठरवताना शेजारणीचा दर बघून ठरवू नका, घड्याळ लावून ठरवा. सुरुवातीला एक सेट सहज तीन तास घेतो, त्यात मेसेजना उत्तरं, खोली आवरणं, अवजारं धुणं धरलेलंच नसतं. ऍडव्हान्स घेतल्याशिवाय घराचा पत्ता देऊ नका, हे पैशांसाठी कमी आणि सुरक्षेसाठी जास्त. मैत्रिणींना फुकट करून देण्याबद्दल मला बरंच काही बोलायचं आहे पण इथे नको, त्यातल्या दोघी वाचतात.

आणि पेडिक्युअर पहिल्या वर्षी ठेवू नका असं माझं मत, निदान मोटरवाल्या टबाचं तर नाहीच. २००० साली कॅलिफोर्नियात एकाच सलूनच्या फूटबाथमधून शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली होती, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू निघाला, आणि तो कुठे होता तर पाणी ओढणाऱ्या जाळीच्या मागे, केस आणि कातडीचा लगदा साठला होता तिथे. टब वरून चकचकीत होता. करायचंच असेल तर साधं घमेलं घ्या, ज्याच्या प्रत्येक कोपऱ्यात हात जातो. मधुमेह असलेल्यांच्या पायाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, हिरवं पडलेलं किंवा बुरशी लागलेलं नख जेलखाली झाकून देऊ नका, आणि नखात काळी उभी रेघ नव्याने दिसली तर काम न करता त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. क्लायंट नाराज होईल, होऊ दे.

परवानगी विचारायच्या त्या पत्राचा मसुदा लिहिलात की इथेच टाका, नाव-पत्ता काढून, मी बघून देते.